त्या खोलीतलं मोठं माणूस



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी. शाळेची सहल परत आली की गाडी फाटकाशी थांबायची, मुली एकेक करून घरच्या माणसाच्या हाती जायच्या, आणि शेवटची मुलगी जाईपर्यंत बाई फाटकातून हलायच्या नाहीत. पाऊस असो, रात्रीचे नऊ वाजोत. आजचा विषय मी संयोजकांना कळवला तेव्हा ते फोनवर क्षणभर थांबले. "ताई, बाईंच्या स्मृतिव्याख्यानात फॅशन मॉडेल?" मी म्हटलं, बाईंच्याच व्याख्यानात हा विषय शोभेल. तो का शोभतो, ते माझं बोलणं संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल अशी आशा आहे.

मी एका मुलीची गोष्ट सांगणार आहे. ती आज पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, जगभर तिचं नाव आहे, आणि इथल्या निम्म्या लोकांनी तिचा चेहरा कुठे ना कुठे पाहिलेला असेल. केट मॉस. जन्म १६ जानेवारी १९७४, लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन नावाच्या उपनगरात. घर साधं, मध्यमवर्गीय. ती शाळेत असतानाच आईवडील वेगळे झाले.

१९८८ साल. सुट्टी संपवून घरची मंडळी बहामा बेटांवरून परत निघाली होती. न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर सारा डूकस या बाईंची नजर या मुलीवर पडली. डूकस यांनी आदल्याच वर्षी लंडनमध्ये स्टॉर्म नावाची मॉडेल एजन्सी सुरू केली होती. मुलगी १४ वर्षांची, किडकिडीत, नाकावर बारीक ठिपके, दात थोडे वेडेवाकडे. उंची पुढे वाढून वाढून पाच फूट सात इंचांच्या आसपास थांबली, आणि रॅम्पवर चालणाऱ्या बायका तेव्हा तिच्यापेक्षा दोन-तीन इंचांनी तरी उंच असायच्या. म्हणजे त्या काळच्या मोजपट्टीनं ही मुलगी मॉडेल व्हायलाच नको होती. ती झाली. तिच्या कर्तृत्वाचा हा भाग मी आधीच मान्य करते, कारण पुढे जे बोलणार आहे त्यात ती केवळ बिचारी म्हणून तुमच्यासमोर यावी असं मला वाटत नाही. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं हे काम आहे, ते सगळ्यांना जमत नाही, आणि तिला ते असाधारण जमत होतं.

आता एक छोटी गोष्ट ऐका. नव्या मॉडेलला काम मिळवण्यासाठी रोज कास्टिंगला फिरावं लागतं. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, फोटोंची फाइल काखेत घेऊन. केटची आई पहिल्या दिवशी बरोबर गेली. दिवसभर लंडनभर पायपीट झाली. संध्याकाळी आई म्हणाली, तुला हे करायचंय तर कर, पण एकटीनं. मला हे पुन्हा जमणार नाही. केटनं पुढे ही आठवण मुलाखतीत मोकळेपणानं सांगितली आहे. तिनं आईला दोष दिलेला नाही, मीही देत नाही. नोकरी सांभाळून, घर सांभाळून, मुलीमागे शहरभर कोण फिरणार? पण दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते असं, की १४ वर्षांची मुलगी लंडनमध्ये अनोळखी माणसांच्या ऑफिसांत एकटी जाऊ लागली.

ती १५ वर्षांची असताना एका कॅटलॉगचं काम आलं. अंतर्वस्त्रांचा कॅटलॉग. तिथल्या माणसानं तिला वरचे कपडे काढायला सांगितले, मग जे उरलं होतं तेही. तिला काहीतरी चुकतंय असं जाणवलं. तिनं आपलं सामान उचललं आणि ती पळाली. २०२२ साली बीबीसी रेडिओवर तिनं हे सांगितलं, आणि त्या प्रसंगानं माझी जाण धारदार झाली असंही ती म्हणाली. मला त्या मुलीचं कौतुक वाटतं. पण श्रोतेहो, ज्या व्यवसायात १५ वर्षांच्या मुलीचं रक्षण तिच्या पळण्याच्या वेगावर अवलंबून असतं, त्या व्यवसायाबद्दल आपण काय म्हणायचं? जी पळाली नाही तिचं काय? जिच्याजवळ परतीच्या बसचे पैसे नव्हते तिचं काय?

आता मी या गोष्टीच्या मधोमध येते, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

कोरीन डे नावाची एक छायाचित्रकार होती. स्वतः आधी मॉडेल होती. त्या काळच्या चकचकीत, रंगवलेल्या, संगमरवरी पुतळ्यासारख्या फोटोंचा तिला कंटाळा आला होता. तिला खरी मुलगी हवी होती. हसताना नाकाला सुरकुत्या पडणारी, केस विस्कटलेली. केटमध्ये तिला ती सापडली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर केंबर सँड्स नावाची वाळूची चौपाटी आहे, तिथे तिनं फोटो काढले, आणि जुलै १९९० मध्ये 'द फेस' मासिकाच्या मुखपृष्ठावर केट आली. डोक्यावर पिसांचा मुकुट, तोंडभर हसू. फॅशन छायाचित्रणाचा इतिहास लिहिणारे त्या फोटोंपाशी थांबतात. ते फोटो चांगले आहेत. मी स्वतः या क्षेत्रात काही वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते, फार चांगले आहेत.

आणि त्या हसण्याच्या मागे काय होतं? तेही केटनंच सांगितलं. अंगावरचे कपडे उतरवायला तिचा नकार होता. ती रडायची. तिला सांगण्यात यायचं की हे केलं नाहीस तर पुढच्या कामाला घेणार नाही. मग ती स्वच्छतागृहात जाऊन कडी लावून रडायची, बाहेर यायची, आणि सांगितलेलं करायची. वय पंधरा-सोळा.

तिला हे सांगणारी कोण होती? कुणी दुष्ट माणूस? नाही. कोरीन ही केटची जिवलग मैत्रीण होती. केट आजही म्हणते की माझं तिच्यावर प्रेम होतं. कोरीन २०१० साली मेंदूच्या आजारानं गेली. केट असंही म्हणते की त्या फोटोंसाठी मी सोसलं, पण त्या फोटोंनीच माझं आयुष्य घडवलं. दोन्ही गोष्टी तिला खऱ्या वाटतात, आणि मला वाटतं की दोन्ही खऱ्या आहेत. म्हणून हा प्रश्न सोपा नाही. खलनायक सापडला की आपलं काम हलकं होतं, त्याला शिव्या देऊन आपण घरी जातो. इथे खलनायक नाही. इथे एक खोली आहे, आणि खोलीतल्या प्रत्येकाला चांगला फोटो हवा आहे. फोटोग्राफरला हवा आहे, स्टायलिस्टला हवा आहे, मासिकाला हवा आहे, एजन्सीला हवा आहे. मुलीलाही हवा आहे. तिनं 'नको' म्हटलं तर ते ऐकण्यानं ज्याचं काहीच बुडत नाही, असं माणूस त्या खोलीत कुठे आहे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांत मी मुंबईत, अंधेरीतल्या एका स्टुडिओत स्टायलिस्टची मदतनीस होते. कपड्यांना इस्त्री करायची, ढगळ कपडा अंगाला बसावा म्हणून पाठीमागून चिमटे लावायचे, हे माझं काम. एकदा एका तालुक्याच्या गावाहून १५ वर्षांची मुलगी आली होती. तिची आई बरोबर होती. आईला बाहेर, जिन्याजवळच्या स्टुलावर बसवलं होतं. तो रिवाजच होता. आई समोर असली की मुलगी मोकळी होत नाही, असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. मुलीला एक झगा दिला, खोल गळ्याचा. तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताई, हाच घालायला हवा का?" मी तोंडातली टाचणी काढली आणि म्हटलं, "दहा मिनिटांचं काम आहे गं, पटकन होईल." तिनं घातला. फोटो छान आले. कुणी ओरडलं नाही, कुणी तिला हातही लावला नाही. बाहेर आई मांडीवर पर्स घेऊन बसली होती, आणि आत ज्या एका बाईकडे तिच्या मुलीनं मदत मागितली ती मी होते. आज तीस वर्षं झाली, मी ते वाक्य परत घेऊ शकत नाही.

बरं. केटकडे वळू या.

१९९२ मध्ये कॅल्विन क्लाइन या अमेरिकन कंपनीच्या जाहिरातीत तिला मार्क वॉल्बर्ग या तरुण रॅप गायकाबरोबर उभं केलं. फोटोग्राफर हर्ब रिट्स. त्या जाहिरातीनं ती जगभर पोहोचली. आणि त्याच सुमाराला ती दोन आठवडे अंथरुणातून उठू शकली नाही. तिला वाटायचं की आपण मरणार. तिनं सांगितलं आहे की त्या सेटवर मला भीती वाटत होती, आणि माझ्या त्या भित्रेपणाचाच उपयोग करून घेतला गेला. डॉक्टरांनी तिला चिंतेवरच्या गोळ्या देऊ केल्या. तेव्हा एक बाई मध्ये पडली. फ्रँचेस्का सोरेंटी. ती केटच्या त्या वेळच्या मित्राची, मारिओची, आई. ती म्हणाली, या गोळ्या तू घ्यायच्या नाहीस. गोळी घेणं बरोबर की चूक हे वैद्यानं ठरवावं, मी त्यात पडत नाही. पण या सगळ्या गोष्टीत मुलीकडे मुलगी म्हणून पाहणारं जे पहिलं मोठं माणूस मला दिसतं, ते ही बाई आहे. केट म्हणते, तुमच्या मनाची काळजी कुणी घेत नाही. लिमोझिन गाडी न्यायला यायची, तेही तिला विचित्र वाटायचं.

या फ्रँचेस्काची गोष्ट इथे थांबत नाही. तिचा धाकटा मुलगा दाविदे, तो फॅशनचा फोटोग्राफर. थकलेले, खोल गेलेले डोळे, अंधाऱ्या खोल्या, नशेत असल्यासारखी दिसणारी मुलं, अशा फोटोंची तेव्हा मोठी लाट होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये दाविदे गेला. वय २०. त्यानंतर या आईनं त्या फोटोंविरुद्ध, मासिकांविरुद्ध, फॅशन व्यवसायातल्या माणसांविरुद्ध आवाज उठवला. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जाहीर भाषणात सांगितलं की व्यसनाला सुंदर करून दाखवणं थांबवा. जी बाई दुसऱ्याच्या मुलीसाठी मध्ये पडली होती, तिला स्वतःचा मुलगा गमावल्यावर सगळ्या जगाशी बोलावं लागलं.

आणि त्या लाटेचा चेहरा म्हणून कुणाकडे बोट दाखवलं गेलं? केटकडे. जून १९९३ च्या ब्रिटिश 'व्होग'मध्ये तिचे तिच्याच घरातले फोटो आले, त्यांवर वादळ उठलं. न्यूयॉर्कमध्ये तिच्या पोस्टरवर लोकांनी लिहिलं, हिला खायला घाला. लोकांचा राग खोटा नव्हता. ती पोस्टरं पाहून उपाशी राहणाऱ्या मुली खऱ्या होत्या. पण राग कुणावर काढला? १९-२० वर्षांच्या पोरीवर. केटचं उत्तर पुढे आलं: मी मुळातच बारीक होते, मला उपाशी राहायचा आजार कधी नव्हता, मी हेरॉइन कधी घेतलं नाही, आणि शूटवर आम्हाला जेवायलाच मिळायचं नाही. लोक पोस्टरवर लिहीत होते, हिला खायला घाला. ज्यांनी घालायचं होतं ते पोस्टरच्या मागे उभे होते, त्यांच्यापर्यंत ते अक्षर पोहोचलं नाही.

पुढचं मी भराभर सांगते, कारण वर्तमानपत्रांनी ते पोटभर छापलं आहे. १९९८ मध्ये ती उपचारांसाठी दवाखान्यात दाखल झाली. सप्टेंबर २००५ मध्ये एका ब्रिटिश दैनिकानं तिचे अमली पदार्थ घेत असल्याचे म्हणून फोटो छापले. मोठ्या कंपन्यांनी करार मोडले, तिनं जाहीर माफी मागितली, पुढच्या वर्षी खटला न भरण्याचा निर्णय झाला, आणि कामं परत आली. २००९ मध्ये ती एका मुलाखतीत बोलून गेली की बारीक असण्याच्या सुखापुढे कुठल्याही पदार्थाची चव फिकी. ते वाक्य जगभरच्या उपाशी मुलींनी भिंतीवर चिकटवलं. २०१८ मध्ये तिनं ते मागे घेतलं. मी हे झाकणार नाही. जिला लहानपणी कुणी सांभाळलं नाही, तिच्या हातून दुसऱ्या मुलींचं नुकसान होऊ शकतं, आणि झालं.

आता कुणी म्हणेल, ताई, मग आईनं बरोबर जावं, संपलं. नाही, इतक्यानं संपत नाही. अमेरिकेत ब्रूक शील्ड्स नावाची मुलगी होती. १९८० मध्ये, १५ वर्षांची असताना, त्याच कॅल्विन क्लाइनच्या जीन्सची जाहिरात तिनं केली. तिची आई सावलीसारखी बरोबर असायची. पण आई हीच तिची व्यवस्थापक होती. ब्रूक १० वर्षांची असताना, १९७५ मध्ये, एका फोटोग्राफरनं तिचे असे फोटो काढले होते जे १० वर्षांच्या मुलीचे कधीच काढायला नकोत, आणि संमतिपत्रावर सही आईची होती. काही वर्षांनी ब्रूक कोर्टात गेली: ते फोटो वापरणं थांबवा. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं निकाल दिला, चार विरुद्ध तीन मतांनी. आईनं दिलेली संमती मुलीवर बंधनकारक आहे. मुलगी ती मोडू शकत नाही. एका मतानं हरली ती.

म्हणजे आई खोलीत होती, आणि तरी मुलगी एकटी होती. का? कारण आईचा त्या फोटोत वाटा होता. श्रोतेहो, माझं आजचं सगळं म्हणणं या एका शब्दात आहे. वाटा. ज्याचा वाटा आहे तो कितीही मायाळू असो, त्याला मुलीचं 'नको' अर्धंच ऐकू येतं. मला त्या दिवशी अर्धंच ऐकू आलं होतं. दिवसाची मजुरी मिळायची होती.

हे समजायला जगाला फार वेळ लागला. न्यूयॉर्कमध्ये नाटक-सिनेमात काम करणाऱ्या मुलांना जे संरक्षण होतं, ते १८ वर्षांखालच्या मॉडेलना मिळालं २०१३ मध्ये. १६ वर्षांखालच्या मुलीबरोबर जबाबदार मोठं माणूस हवं, कमाईचा १५ टक्के भाग तिच्या नावानं राखून ठेवायला हवा. सारा झिफ या मॉडेलनं १४ व्या वर्षी हे काम सुरू केलं होतं. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी संघटना बांधून हा कायदा पदरात पाडून घेतला. २०१७ मध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन बड्या फ्रेंच समूहांनी ठरवलं की मोठ्यांच्या कपड्यांसाठी १६ वर्षांखालची मुलगी घ्यायची नाही. केंबर सँड्सचे फोटो १९९० चे. मधली २७ वर्षं मोजा.

आणि केटनं काय केलं? २०१६ मध्ये तिनं स्वतःची एजन्सी काढली. तिथल्या मुलींबरोबर शूटला एजन्सीचं माणूस जातं, हे शोभत नाही असं सांगायला कुणीतरी तिथे हवं, असं ती म्हणते. नको असेल ते करू नकोस, हे ती त्यांना आधीच सांगून ठेवते. स्वच्छतागृहाची कडी आतून लावून रडलेल्या मुलीनं मोठेपणी ती कडी बाहेरून उघडली, असं मला वाटतं.

आपल्याकडे काय आहे? आहे. २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा सुधारला, २०१७ मध्ये नियम आले. जाहिरातीत, मालिकेत, सिनेमात काम करणाऱ्या मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती द्यायची, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचे, आणि दर ५ मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची. चांगले नियम आहेत. किती सेटवर पाळले जातात हा प्रश्न तुम्ही या व्यवसायातल्या कुणालाही विचारा. पण माझी तक्रार दुसरी आहे. हे नियम १४ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलांसाठी लिहिलेले आहेत. केट विमानतळावर दिसली त्या दिवशी ती १४ वर्षांची होती. म्हणजे ती भारतातली असती, तर पहिल्याच दिवशी या नियमांच्या कुंपणाबाहेर असती. आपल्याकडे पॉक्सो कायदा आहे, त्यात १८ वर्षांपर्यंत मूल मानलं जातं, हे मला ठाऊक आहे. पण गुन्हा घडल्यावर धावून येणारा कायदा वेगळा, आणि काही घडण्याआधी खोलीत बसलेलं माणूस वेगळं. १४ ते १८ या चार वर्षांत आपण मुलींना ते माणूस देत नाही. ही चार वर्षं नियमात यायला हवीत, आणि ती जबाबदार व्यक्ती निर्मात्याच्या पगारावर नसावी, ही माझी मागणी मी या व्यासपीठावरून करते आहे.

मागच्या रांगांत शाळेच्या गणवेशातल्या मुली बसल्या आहेत. तुमच्यापैकी कुणाला हे काम करायचं असेल तर जरूर करा. ते लाजेचं काम नाही.

आणि पुढच्या रांगांत बसलेल्या आयांना, मावश्यांना, काकांना माझी एवढी विनंती आहे. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घरातली मुलगी फोटोला निघाली की घरातलं असं एक माणूस बरोबर पाठवा ज्याला त्या पैशातलं काहीच मिळायचं नाही. एखादी आत्या, एखादा मोठा भाऊ, शेजारच्या निवृत्त बाई. बरोबर डबा द्या. दाराशी कुणी म्हणालं, तुम्ही बाहेर बसा, तर का, ते विचारा, आणि आत जाऊन बसा. मुलगी 'नको' म्हणाली तर फोटो राहू द्या, आणि तिला घेऊन घरी या.